एका वाक्याने गाजलेली निवडणूक



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. अमेरिकेतील एका निवडणुकीत, साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी, एका उमेदवाराने एक भाषण केले. तो उमेदवार हरला. हरलेल्या उमेदवाराच्या भाषणाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु ह्या भाषणातील दोन वाक्ये आजही राजकारणाच्या अभ्यासकांच्या तोंडी आहेत. आमचा हेतू त्या उमेदवाराचा न्यायनिवाडा करण्याचा नाही. भाषण ऐकणाऱ्याने ते कसे ऐकावे, हा आमचा खरा प्रश्न आहे; आणि दर वसंतात संध्याकाळचा वेळ काढून व्याख्याने ऐकावयास येणाऱ्या श्रोत्यांपुढे तो मांडण्यात काही गैर नाही, अशी आमची समजूत आहे.

आरंभी थोडी माहिती देणे अवश्य आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक मोठा पक्ष आपले महाअधिवेशन भरवितो. निरनिराळ्या राज्यांचे प्रतिनिधी तेथे जमतात, पक्षाचा जाहीरनामा संमत करतात आणि उमेदवार ठरवितात. मग तो उमेदवार उमेदवारी स्वीकारण्याचे भाषण करतो. पूर्वी उमेदवाराने अधिवेशनाला स्वतः जाऊ नये, असा शिष्टाचार होता. नवरदेवाने जसे मागणी घालायला स्वतः जाऊ नये, तसेच ते. पक्षाचे शिष्टमंडळ पुढे काही दिवसांनी त्याच्या घरी जाई, आणि आपली निवड झाल्याचे तो जणू तेव्हाच ऐकतो आहे असा देखावा होई. १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट विमानाने शिकागोला गेले आणि त्यांनी अधिवेशनातच भाषण करून ही रीत मोडली. पुढे दूरचित्रवाणी आली, आणि सभागृहातले भाषण घरोघरी जाऊन पोहोचू लागले.

येथेच एक पेच उत्पन्न झाला. अशा भाषणाला दोन श्रोतृवर्ग असतात. एक समोर बसलेला, आपल्याच पक्षाचा, चार दिवस घोषणा देऊन तापलेला. दुसरा घरी बसलेला, थंड, अनोळखी, कदाचित उद्या विरुद्ध मत देणारा. समोरच्याला जे वाक्य टाळ्या वाजवावयास लावते, तेच घरच्याला दचकवू शकते. आम्ही आज ज्या भाषणाविषयी बोलणार आहोत, त्यात नेमके हेच घडले.

ते भाषण १६ जुलै १९६४ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या 'काऊ पॅलेस' नावाच्या सभागृहात झाले. नाव ऐकून हसू येईल. पण मुळात ते गुरांच्या प्रदर्शनांसाठीच बांधलेले होते. पक्ष रिपब्लिकन आणि उमेदवार ॲरिझोना राज्याचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर. वाळवंटी मुलुखातील एका व्यापारी घराण्यात वाढलेला, विमान चालविणारा, मनात येईल ते फटकन बोलून टाकणारा हा गृहस्थ. सरकारने लोकांच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा आणि कम्युनिस्टांपुढे तसूभरही नमू नये, ही त्याची मते. ती १९६० साली त्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती आणि त्या पुस्तकाने त्याला हजारो तरुण अनुयायी मिळवून दिले होते. पूर्वेकडील धनिक पुढारी पक्ष चालवितात आणि आम्हांला कोणी विचारीत नाही, अशी पश्चिमेच्या व दक्षिणेच्या कार्यकर्त्यांची जुनी तक्रार होती. त्या सर्वांना गोल्डवॉटर हा आपला माणूस वाटला. ह्या माणसांचा आनंद खोटा नव्हता, हे आरंभीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचे काहीच नीट समजणार नाही.

भाषणाच्या दोन दिवस आधी, १४ जुलै रोजी, त्याच सभागृहात एक प्रसंग घडला होता. पक्षातील नेमस्त गटाने जाहीरनाम्याला एक दुरुस्ती सुचविली. कम्युनिस्ट पक्ष, कू क्लक्स क्लॅन आणि जॉन बर्च सोसायटी ह्यांची नावे घेऊन अतिरेकी संघटनांचा निषेध करावा, अशी ती दुरुस्ती. न्यू यॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर तिच्या बाजूने बोलावयास उभे राहिले. त्यांना पाच मिनिटे दिलेली होती. परंतु सभागृहाने त्यांची अशी काही हुर्यो उडविली की त्यांना वाक्य पुरे करणे कठीण झाले. देशभर लोक आपल्या घरी बसून ते पाहत होते. दुरुस्ती फेटाळली गेली. गोल्डवॉटर पहिल्याच फेरीत ८८३ मते मिळवून उमेदवार झाले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी, पेनसिल्व्हानियाचे गव्हर्नर विल्यम स्क्रँटन, ह्यांना २१४ मते पडली.

म्हणजे 'अतिरेकी' हा शब्द गोल्डवॉटर ह्यांनी आणलेला नव्हता. तो त्यांच्यावर फेकला गेला होता. अशा वेळी विजयी उमेदवारापुढे दोन वाटा असतात. फेकलेला दगड बाजूला ठेवून हरलेल्यांना जवळ करावे, ही एक. तोच दगड उचलून परत फेकावा, ही दुसरी. गोल्डवॉटर ह्यांनी दुसरी वाट धरली. भाषणाच्या अखेरीस ते म्हणाले, जो मनापासून येईल त्याचे स्वागत आहे. ज्यांना आमच्या कार्याची आस्था नाही ते आमच्यात येतील अशी आमची अपेक्षाच नाही. आणि लगेच ती दोन वाक्ये आली: "स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे. आणि न्यायाच्या साधनेत दाखविलेला मवाळपणा हा सद्गुण नव्हे." हॅरी जाफा नावाच्या राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकाने ती लिहून दिली होती. सभागृह टाळ्यांनी दुमदुमून गेले.

आता आम्ही हे वाक्य मराठीत सांगताना 'अतिरेक' हा शब्द वापरला. तो वापरताच अर्धा निकाल लागला, हे आपल्या लक्षात आले असेल. मराठीत अतिरेक म्हटले की निंदा आलीच. आणि 'अतिरेकी' म्हटले की आज डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला मनुष्य उभा राहतो. परंतु इंग्रजीत जो मूळ शब्द आहे, त्याच शब्दाने विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांच्या पक्षाला संबोधीत असत. तेथे आम्ही मराठीत त्याला काय म्हणतो? 'जहाल' म्हणतो, आणि अभिमानाने म्हणतो! मग तेच वाक्य असे करून पाहू: स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहाल होणे हा दुर्गुण नव्हे. ह्यावर आपल्यापैकी किती जण हरकत घेतील? बहुधा कोणीच नाही. शब्द एक, भाषांतरे दोन. एकाने कपाळाला आठी पडते, दुसऱ्याने मान डोलते. अमेरिकेतही हेच झाले. सभागृहाने एक अर्थ ऐकला, घरी बसलेल्यांनी दुसरा.

पडसाद ताबडतोब उठले. रॉकफेलर ह्यांनी भाषणाला धोकादायक, बेजबाबदार आणि भयावह म्हटले. डेमोक्रॅटिक पक्षाचे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन ह्यांनी तर हवेत फॅसिझमची दुर्गंधी येत असल्याचे सांगितले. माजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर, स्वतः रिपब्लिकन, बुचकळ्यात पडले. तेव्हा गोल्डवॉटर ह्यांनी त्यांना नॉर्मंडीच्या स्वारीचे उदाहरण देऊन समजाविले की, युरोप मुक्त करण्यासाठी आपण सैन्य उतरविलेत, तोही स्वातंत्र्यासाठी केलेला अतिरेकच होता. ह्या भाषणापूर्वी गोल्डवॉटर ह्यांची ओळख करून देणारे रिचर्ड निक्सन त्या वाक्याने अस्वस्थ झाले. त्यांनी पुढे पत्र लिहून खुलासा मागितला. गोल्डवॉटर ह्यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: स्वातंत्र्यावरील संपूर्ण निष्ठेवर कोणी बोट ठेवू शकत नाही, आणि न्यायावरील अर्धवट निष्ठेचे कोणी समर्थन करू शकत नाही.

श्रोतेहो, हा खुलासा पुन्हा एकदा मनात घोळवून पहा. विचार तोच आहे. परंतु त्यात ठिणगी नाही. हे वाक्य जर त्या रात्री उच्चारले असते, तर कोणी दचकले नसते, टाळ्याही थोड्या कमी पडल्या असत्या, आणि आज आम्हांला व्याख्यानाला विषय मिळाला नसता. खुलासा ऑगस्टमध्ये आला. वाक्य जुलैमध्ये सुटले होते. सुटलेल्या वाक्यामागे खुलासा कितीही धावला तरी तो त्याला गाठू शकत नाही.

पण मूळ प्रश्न उरतोच. ते वाक्य खोटे होते काय? आम्हांला प्रामाणिकपणे म्हणावे लागते की, केवळ वाक्य म्हणून पाहिले तर ते खोटे नव्हते. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात टिळकांनी सांगितले होते की, जहाल आणि मवाळ हे शब्द कालसापेक्ष आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की, गोल्डवॉटर ह्यांच्या आधी सव्वा वर्ष, एप्रिल १९६३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीही जवळजवळ हाच विचार मांडला होता. आपल्याला अतिरेकी म्हणतात ह्याचे त्यांना आधी वाईट वाटले. मग त्यांनी तो शब्द स्वीकारला आणि विचारले, आपण अतिरेकी कशासाठी, द्वेषासाठी की प्रेमासाठी? 'थांबा, घाई करू नका' असे सांगणाऱ्या गोऱ्या नेमस्तांविषयी त्यांनी तीव्र निराशाही व्यक्त केली. न्यायाच्या कामी मवाळपणा हा सद्गुण नव्हे, हेच तर ते सांगत होते! आणि तरीही ह्याच किंग ह्यांनी १९६४ च्या निवडणुकीत गोल्डवॉटर ह्यांना कडाडून विरोध केला.

ह्यात विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. वाक्याचा अर्थ शब्दकोशात पुरा होत नाही. ते कोण बोलतो, केव्हा बोलतो आणि त्याच्या आडोशाला कोण उभे राहतो, ह्यावर तो ठरतो. १९ जून १९६४ रोजी सिनेटने नागरी हक्कांचा कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. हॉटेले, नाट्यगृहे, नोकऱ्या ह्यांत निग्रो नागरिकांना (त्या काळी वापरला जाणारा हा शब्द आज त्याज्य ठरला आहे) समान वागणूक मिळावी, असा तो कायदा. त्याविरुद्ध मत देणाऱ्या सत्तावीस जणांत गोल्डवॉटर होते. ते स्वतः वंशद्वेष्टे होते, असे त्यांचे विरोधकही सहसा म्हणत नाहीत. खाजगी व्यवहारांवर असे बंधन घालण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला नाही, हा त्यांचा आक्षेप. २ जुलै रोजी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि चौदाच दिवसांनी हे भाषण झाले. त्याच सुमारास, २१ जूनपासून, मिसिसिपी राज्यात नागरी हक्कांचे काम करणारे तीन तरुण बेपत्ता होते. क्लॅनच्या लोकांनी त्यांचा खून केला होता. परंतु प्रेते ४ ऑगस्टपर्यंत सापडली नाहीत. म्हणजे ज्या रात्री सभागृहात 'स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक' ह्या शब्दांवर टाळ्या पडत होत्या, त्या रात्री ती तीन प्रेते मातीच्या एका धरणाखाली पुरलेली होती.

ह्या पार्श्वभूमीवर घरी बसलेला कृष्णवर्णी नागरिक ते वाक्य कसे ऐकणार? कोणाचे स्वातंत्र्य? गिऱ्हाइकाला दारातून हाकलून देण्याचे दुकानदाराचे स्वातंत्र्य, की दारातून आत येण्याचे गिऱ्हाइकाचे? १९४७ साली बेसबॉलच्या वरिष्ठ संघांतील वर्णभेदाची भिंत फोडणारा जॅकी रॉबिन्सन रॉकफेलरचा पाठीराखा म्हणून त्या अधिवेशनाला हजर होता. हिटलरच्या जर्मनीत ज्यू माणसाला काय वाटत असेल ते आपल्याला तेथे कळले, असे त्याने पुढे सांगितले. तुलना अतिशयोक्त असेल. पण भय खरे होते. किंग तुरुंगातून जेव्हा अतिरेकाविषयी लिहीत होते, तेव्हा त्या अतिरेकाची शिक्षा ते स्वतः भोगत होते. गोल्डवॉटर ह्यांच्या वाक्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागेल, अशी भीती होती. आम्हांला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो.

निकाल आपणांस ठाऊक असेलच. ३ नोव्हेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन ह्यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते पडली. निर्वाचक मते ४८६ विरुद्ध ५२. गोल्डवॉटर ह्यांना आपले ॲरिझोना आणि दक्षिणेतील पाच राज्ये एवढीच मिळाली. त्यांतील मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते होती. वाक्य कोणाच्या कानी कोणत्या अर्थाने गेले, ह्याचा पुरावा त्या आकड्यात आहे.

येथे व्याख्यान संपविले असते, तर एक सोपा बोध हाती आला असता: जहाल बोलू नये, लोक घाबरतात. परंतु तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण त्याच निवडणुकीत एक मवाळ वाक्यही उच्चारले गेले होते, आणि त्याने कोणी दचकले नव्हते.

जॉन्सन ह्यांनी गोल्डवॉटर ह्यांचे वाक्य उलटवून, राष्ट्राच्या कारभारात नेमस्तपणा हाच श्रेष्ठ सद्गुण होय, असे सांगितले. लोकांना हायसे वाटले. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी ओहायोतील ॲक्रन येथे ते म्हणाले की, आशियातील मुलांनी जे स्वतःसाठी करावयास हवे, ते करावयास आम्ही अमेरिकन मुलांना नऊ-दहा हजार मैल दूर पाठविणार नाही. किती शहाणे, किती संयमी वाक्य! ह्यावर खुलासा मागणारे पत्र कोणी लिहिले नाही. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या वर्षाअखेर तेथे सुमारे १,८४,००० अमेरिकन सैनिक होते आणि १९६८ मध्ये पाच लाखांहून अधिक. त्या युद्धात ५८,००० हून जास्त अमेरिकन आणि लक्षावधी व्हिएतनामी प्राणांस मुकले. गोल्डवॉटर निवडून आले असते तर युद्ध टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा कल तर अधिक बळ वापरण्याकडेच होता. आमचे म्हणणे इतकेच की, युद्धाच्या भीतीने एका वाक्याला नाकारणाऱ्या मतदारांनी दुसऱ्या वाक्याची झडती घेतली नाही. जे वाक्य आपल्याला दचकवते, ते आपण उलटेपालटे करून पाहतो. जे आपल्याला सुखावते, ते न पाहताच खिशात घालतो. खोटे नाणे बहुधा ह्या दुसऱ्या खिशात सापडते.

त्या भाषणाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. टीकाकारांनी लिहिले की हा विचार कायमचा गाडला गेला. परंतु हरलेल्या उमेदवाराला सुमारे २ कोटी ७१ लाख मते पडली होती, आणि इतकी माणसे एका रात्रीत नाहीशी होत नसतात. निवडणुकीच्या आठवडाभर आधी, २७ ऑक्टोबरला, गोल्डवॉटर ह्यांच्यासाठी एका नटाने दूरचित्रवाणीवर भाषण केले. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. दोन वर्षांनी त्याने कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ज्यांचा पराभव केला, ते हेच पॅट ब्राउन, ज्यांना फॅसिझमची दुर्गंधी आली होती! १९८० साली रेगन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. बोलणे पुष्कळसे तेच होते; पण ते हसून बोलत. आणि ऑगस्ट १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या निक्सन ह्यांना, सिनेटमध्ये आता आपल्याला पाठिंबा उरलेला नाही, हे तोंडावर सांगावयास जे तीन रिपब्लिकन पुढारी गेले, त्यांत गोल्डवॉटर होते. दुसऱ्याच दिवशी निक्सन ह्यांनी राजीनामा जाहीर केला. ज्याला देशाने अतिरेकी म्हणून नाकारले, तो राज्यघटनेच्या कसोटीच्या वेळी आपल्या पक्षाच्या अध्यक्षापुढे सरळ उभा राहिला. माणूस एका वाक्यात मावत नाही, हेही त्यावरून ध्यानात यावे.

मग श्रोत्याने करावे काय? आम्ही काही नियम सांगू धजत नाही. अनुभवाने सुचलेल्या दोनचार गोष्टी तेवढ्या पुढे ठेवतो. सभागृहातील टाळ्यांवरून भाषणाची किंमत करू नये. टाळ्या वाजविणारा आधीच जिंकलेला असतो. गाजलेले वाक्य ऐकले की त्याच्या आधीचे वाक्य कोणते होते, ते शोधावे. गोल्डवॉटर ह्यांच्या भाषणात आम्हांला तरी 'अतिरेक' ह्या शब्दापेक्षा त्याच्या आधीचे, 'ज्यांना आस्था नाही त्यांची अपेक्षाच नाही' हे बोल अधिक घातक वाटतात. साऱ्या देशाचा अध्यक्ष होऊ पाहणाऱ्याने अर्ध्या देशाला दाराबाहेर ठेवण्याची ती तयारी होती. वक्ता त्यागाची भाषा बोलू लागला की त्याग कोणी करावयाचा आहे, हे विचारावे. आणि सर्वांत कठीण म्हणजे, ज्या भाषणाने आपले मन निवले, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा संशयाने पाहावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हा ह्या देशात कोणाला मताचा अधिकार म्हणावा असा नव्हता. तरी त्यांनी लोकांना ऐकावयास बोलाविले. मत देण्यापूर्वी माणसाला ऐकता आले पाहिजे, हे त्यांना दिसले असावे, असा आमचा तर्क आहे. मताचा अधिकार आपल्याला मिळून गेला आहे. ऐकण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते, आणि त्यात आम्ही स्वतःला वगळलेले नाही. म्हणून आपणांस शेवटची विनंती अशी की, आम्ही आज जी वाक्ये बोललो, त्यांतील जी आपणांस गोड लागली असतील, त्यांचीही उद्या सकाळी झडती घ्यावी.